स्क्रिप्टला सगळे डेटाबेस का दिसत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा: रात्रीच्या बॅकअपसाठी पायथनची स्क्रिप्ट लिहिली आहे. तिने मायएसक्यूएल सर्व्हरवरच्या डेटाबेसची यादी काढायची आणि प्रत्येकाचा डंप, म्हणजे आतल्या सगळ्या मजकुराची प्रत, वेगळ्या फाइलमध्ये टाकायचा. पीएचपीमायअ‍ॅडमिन (ब्राउझरमधून मायएसक्यूएल हाताळायचं साधन) उघडलं की डझनभर डेटाबेस दिसतात, स्क्रिप्टला मात्र इन्फर्मेशन_स्कीमा आणि परफॉर्मन्स_स्कीमा एवढेच मिळतात. एररही येत नाही. शिवाय दुसऱ्या मशीनवर पोस्टग्रेस आहे, तिथे हाच कोड चालेल का? आणि हीच यादी ऑफिसच्या वेब पानावर ड्रॉपडाउनमध्ये दाखवली तर काही बिघडेल का?

तुमचा कोड बरोबर आहे, म्हणून तो पुन्हा पुन्हा वाचून काही सापडणार नाही. मायएसक्यूएलला यादी मागायची रीत अगदी साधी आहे. कनेक्शन उघडताना डेटाबेसचं नाव द्यायचंच नाही, फक्त होस्ट, युजर आणि पासवर्ड द्यायचा. मग कर्सरवर ‘शो डेटाबेसेस’ चालवायचं आणि येणाऱ्या ओळी वाचायच्या. पायथनमध्ये प्रत्येक ओळ टपल म्हणून येते, त्यामुळे नाव हवं असेल तर त्यातला शून्याव्या जागेवरचा घटक घ्यायचा. अनेकांच्या डंप फाइलींच्या नावात कंस आणि स्वल्पविराम घुसतात ते इथूनच. पीएचपीत डेटाबेसला जोडायला पीडीओ वापरत असाल तर डीएसएनमधला, म्हणजे कनेक्शनच्या पत्त्यातला, ‘डीबीनेम’ हा भाग गाळला तरी चालतो. जुन्या ट्यूटोरियलमध्ये ‘मायएसक्यूएल_लिस्ट_डीबीज’ नावाचं फंक्शन दिसेल, त्याच्या नादी लागू नका. ते पीएचपी ५.४ मध्येच कालबाह्य ठरवलं होतं आणि ७.० मध्ये ते आख्खं एक्स्टेन्शनच पीएचपीतून काढून टाकलं.

‘शो डेटाबेसेस’ ही आज्ञा सर्व्हरवर काय आहे ते सांगत नाही. ज्या खात्याने विचारलं त्या खात्याला काय बघायचा हक्क आहे, ते सांगते. ज्या डेटाबेसवर खात्याला कसलाही हक्क नाही तो यादीतून गुपचूप वगळला जातो. म्हणूनच एरर येत नाही. सर्व्हरच्या दृष्टीने त्याने पूर्ण आणि खरं उत्तर दिलेलं असतं. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये तुम्ही बहुधा रूट म्हणून शिरला होता आणि स्क्रिप्ट ‘बॅकअप’ नावाच्या नव्या युजरने चालते. नव्या युजरला काहीच ग्रँट, म्हणजे हक्क, दिली नसेल तर त्याच्याकडे फक्त ‘यूसेज’ असतं, आणि त्याचा अर्थ लॉगिन करता येतं, बाकी काही नाही.

तेव्हा पहिलं काम: स्क्रिप्टच्याच कनेक्शनमधून ‘शो ग्रँट्स’ चालवा आणि बरोबर ‘सिलेक्ट यूजर(), करंट_यूजर()’ हेही विचारा. टर्मिनलवरून हाताने नको, स्क्रिप्टमधूनच. या दोन फंक्शनांची उत्तरं वेगळी येऊ शकतात आणि निम्म्या भानगडी तिथेच उलगडतात. पहिलं फंक्शन तुम्ही कोण म्हणून आलात ते सांगतं, दुसरं सर्व्हरने तुम्हाला कोणत्या खात्यात बसवलं ते. मायएसक्यूएलमध्ये खातं म्हणजे नुसतं नाव नसतं, नाव आणि होस्ट मिळून खातं होतं. ‘बॅकअप’ लोकलहोस्टवरून आणि ‘बॅकअप’ टक्केचिन्हावरून, म्हणजे कुठूनही, ही दोन स्वतंत्र खाती आहेत. त्यांचे पासवर्ड वेगळे असू शकतात, हक्कही वेगळे. एका खात्याला ग्रँट द्यायची आणि दुसऱ्या खात्याने शिरायचं, हा प्रकार मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की आता सर्वात आधी तेच विचारतो. डॉकरमध्ये, म्हणजे सर्व्हर कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवला असेल तिथे, तर हे हमखास होतं. कंटेनरच्या आत शिरून चाचणी केली की तुम्ही लोकलहोस्ट असता. स्क्रिप्ट बाहेरून आली की सर्व्हरला ती डॉकरच्या ब्रिज नेटवर्कच्या पत्त्यावरून आलेली दिसते आणि टक्केचिन्हाच्या खात्याशी जुळते.

मायएसक्यूएल ८.० पासून आणखी एक खोच आली आहे. त्यात रोल, म्हणजे हक्कांचे नाव दिलेले गठ्ठे, आले, आणि बरेच जण आता हक्क रोलला देतात आणि रोल युजरला देतात. पद्धत चांगली आहे, पण दिलेला रोल लॉगिन होताच आपोआप चालू होत नाही. ‘शो ग्रँट्स’मध्ये रोल दिसतो, माणूस निश्चिंत होतो, आणि यादीत तरीही काही येत नाही. ‘सिलेक्ट करंट_रोल()’ विचारा. उत्तर ‘नन’ आलं तर रोल झोपलेला आहे. ‘सेट डिफॉल्ट रोल ऑल टू’ लिहून पुढे युजरचं नाव-होस्ट द्या, किंवा सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्टिव्हेट_ऑल_रोल्स_ऑन_लॉगिन’ चालू करा. मी पहिला उपाय पसंत करतो, कारण दुसऱ्याचा परिणाम सगळ्यांवर होतो.

आता हक्क कोणता द्यायचा? ‘शो डेटाबेसेस’ नावाचा एक ग्लोबल हक्कच आहे. तो दिला की युजरला सगळी नावं दिसू लागतात, पण फक्त नावं. लगेच पुढच्या पायरीवर मायएसक्यूएलडंप हा डंप काढणारा प्रोग्राम अडखळेल, कारण आतलं वाचायचा हक्क नाही. उलट मायएसक्यूएलमध्ये सर्व डेटाबेसवर, म्हणजे तारांकन-टिंब-तारांकनावर, ‘सिलेक्ट’ दिला तर नावं आपोआप दिसतात, कारण कोणताही नेहमीचा ग्लोबल हक्क म्हणजे प्रत्येक डेटाबेसवरचा हक्क असंच सर्व्हर धरतो. बॅकअपच्या खात्याला मी सिलेक्ट, शो व्ह्यू, ट्रिगर आणि इव्हेंट देतो. इनोडीबी या मायएसक्यूएलच्या नेहमीच्या साठवण-इंजिनातल्या टेबलांसाठी डंप ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ने घेत असाल तर लॉक टेबल्स लागत नाही. नव्या आवृत्त्यांत मायएसक्यूएलडंप ‘प्रोसेस’ हक्क नाही म्हणून कुरकुरतो. तो हक्क वाटत बसण्यापेक्षा ‘नो-टेबलस्पेसेस’ हा पर्याय लावा. स्क्रिप्टमध्ये रूटचा पासवर्ड टाकून प्रश्न मिटवायचा मोह होईल. यादी लगेच पूर्ण दिसेल हे खरं, पण क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत) पडून राहिलेल्या फाइलमध्ये सर्व्हरची किल्ली ठेवून दिल्यासारखं होईल.

एकाच प्रकल्पाच्या डेटाबेसवर हक्क द्यायचा असेल तर अंडरस्कोअर जपून वापरा. ‘शॉप_२०२४’ असं नाव ग्रँटमध्ये लिहिलं की तिथला अंडरस्कोअर ‘कोणतंही एक अक्षर’ या अर्थी धरला जातो, त्यामुळे ‘शॉपएक्स२०२४’ असा कुणाचा डेटाबेस असेल तर त्यावरही हक्क जातो. त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यायची. ‘शो डेटाबेसेस लाइक’ला नमुना देतानाही हाच नियम.

यानंतर गाळणी. यादी आली की इन्फर्मेशन_स्कीमा, परफॉर्मन्स_स्कीमा, सिस आणि मायएसक्यूएल ही चार नावं बाजूला काढावी लागतात. पैकी सिस ५.७ पासून आलं. इथे शेलवाले लोक सरळ ‘ग्रेप -व्ही सिस’ लिहून मोकळे होतात. ग्रेप तुकडा शोधतो, पूर्ण नाव नाही. म्हणजे ‘पेरोल_सिस्टिम’ नावाचा डेटाबेस या गाळणीतून कायमचा गळतो, रोज रात्री, निमूटपणे, आणि कळतं ते डिस्क उडाल्यावर. पायथनमध्ये ‘इफ सिस इन नेम’ लिहिलं तर तीच चूक होते, फक्त दिसायला अधिक सभ्य. चार नावांचा सेट करा आणि नाव त्या सेटमध्ये आहे का असं विचारा. शेलमध्येच लिहायचं असेल तर ग्रेपला ‘-एक्स’ द्या, म्हणजे पूर्ण ओळ जुळली तरच ती वगळली जाईल. मायएसक्यूएलच्या क्लायंटला ‘-एन’ आणि ‘-बी’ (दोन्ही अक्षरं कॅपिटल) द्या, नाहीतर मथळ्याची ओळही डेटाबेसचं नाव समजून पुढे जाईल. पासवर्ड आज्ञेच्या ओळीत लिहू नका. तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, फाइलची परवानगी ६०० करा, आणि ‘डिफॉल्ट्स-एक्स्ट्रा-फाइल’ हा पर्याय सगळ्यात पहिला लिहा. दुसऱ्या क्रमांकावर लिहिला तर क्लायंट तो ओळखतच नाही.

डेटाबेसचं नाव पुढच्या क्वेरीत वापरताना प्लेसहोल्डर चालत नाही, कारण प्लेसहोल्डर मूल्यांसाठी असतो, नावांसाठी नसतो. नाव बॅकटिकमध्ये गुंडाळायचं आणि नावातच बॅकटिक असेल तर तो दोनदा लिहायचा. नावात बॅकटिक कोण घालेल, असं वाटेल. हायफन तरी नक्की घालतात, आणि बॅकटिकशिवाय हायफन म्हणजे वजाबाकी.

काही जण ही सगळी दगदग टाळून थेट डेटा डिरेक्टरीतले फोल्डर मोजतात. ५.७ पर्यंत त्यात तथ्य होतं. डेटाबेस म्हणजे खरोखर एक फोल्डर, इतकं की कुणी तिथे हाताने फोल्डर बनवला तर तोही ‘शो डेटाबेसेस’मध्ये उगवायचा. डेटा डिरेक्टरीसाठी वेगळी डिस्क लावली की लिनक्सचा ‘लॉस्ट+फाउंड’ हा फोल्डर नावाच्या आधी ‘#मायएसक्यूएल५०#’ असा उपसर्ग लावून यादीत यायचा आणि बॅकअप त्याच्यावर आपटायचा. ८.० मध्ये डेटाबेसची नोंद इनोडीबीतल्या डेटा डिक्शनरीत गेली, त्यामुळे फोल्डर असला म्हणून डेटाबेस आहे असं आता म्हणता येत नाही. शिवाय बॅकअपच्या स्क्रिप्टला त्या डिरेक्टरीत डोकावायची परवानगी असावीच कशाला?

पोस्टग्रेसवर हा कोड चालणार नाही, आणि नुसती क्वेरी बदलूनही भागणार नाही. तिथे ‘शो डेटाबेसेस’ ही आज्ञाच नाही. टर्मिनलवर ‘\एल’ टाकलं की यादी येते, पण ती पीएसक्यूएल या क्लायंटची सोय आहे, सर्व्हरला तिचा पत्ता नसतो. पायथनमधून ती पाठवली तर सिंटॅक्स एरर मिळेल. पीएसक्यूएल ‘-ई’ लावून, त्यातला ई कॅपिटल ठेवून, सुरू करा आणि मग ‘\एल’ टाका. पडद्यामागे कोणती क्वेरी चालते ते छापून येतं. पोस्टग्रेसचे कॅटलॉग शिकायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. आपल्यापुरती क्वेरी एवढीच:

सिलेक्ट डॅटनेम फ्रॉम पीजी_डेटाबेस व्हेअर डॅटअलाऊकॉन अँड नॉट डॅटइझटेम्प्लेट ऑर्डर बाय डॅटनेम;

यातून टेम्प्लेट०, टेम्प्लेट१ हे दोन साचे गळतात. ‘पोस्टग्रेस’ नावाचा डेटाबेस राहतो, तो राहू द्या, लोक त्यातही नकळत टेबलं बनवून ठेवतात. ड्रॉप करताना मध्येच प्रक्रिया तुटलेला डेटाबेस अलीकडच्या आवृत्त्यांत ‘डॅटकॉनलिमिट’ -२ करून अवैध ठरवला जातो. त्याला जोडता येत नाही, म्हणून तशी अटही घालून ठेवा.

मोठा फरक कनेक्शनमध्ये आहे. मायएसक्यूएलला डेटाबेसचं नाव न देता शिरता येतं. पोस्टग्रेसमध्ये कुठल्या ना कुठल्या डेटाबेसमध्येच शिरावं लागतं. नाव गाळलंत तर लायब्ररी युजरचं नाव हेच डेटाबेसचं नाव समजते, आणि मग ‘बॅकअप नावाचा डेटाबेस अस्तित्वात नाही’ अशा अर्थाची एरर येते. मी तर कुठला डेटाबेस मागितलाच नव्हता, असं म्हणत माणूस चक्रावतो. यादीसाठी ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसला जोडून घ्या. पीजी_डेटाबेस हा कॅटलॉग सगळ्या डेटाबेसमध्ये सामाईक असतो, त्यामुळे कुठूनही विचारलं तरी यादी तीच येते. पण एका डेटाबेसमधून दुसऱ्यात ‘यूज’ म्हणून उडी मारता येत नाही, प्रत्येकासाठी नवं कनेक्शन उघडावं लागतं. म्हणजे लूपची रचनाच वेगळी.

हक्कांची गोष्ट इथे नेमकी उलटी आहे. पीजी_डेटाबेस कुणालाही वाचता येतो. ‘कनेक्ट’चा हक्क काढून घेतला तरी नाव यादीत दिसतंच. मायएसक्यूएलमध्ये यादी कमी भरते, पोस्टग्रेसमध्ये यादी गरजेपेक्षा जास्त भरते आणि पुढे दार बंद मिळतं. म्हणून व्हेअरमध्ये ‘हॅज_डेटाबेस_प्रिव्हिलेज(डॅटनेम, कनेक्ट)’ ही अट घालता येते. बॅकअपसाठी मात्र मी ती मुद्दाम घालत नाही. दार बंद असेल तर मला ते एररच्या रूपात हवं, गाळून टाकलेलं नको. आणि या फंक्शनने हो म्हटलं तरी पीजी_एचबीए फाइलमधला (कोणी कुठून जोडायचं ते ठरवणारा) नियम नाही म्हणू शकतो, ती चौकी वेगळी आहे. आतलं वाचायला १४ आणि पुढच्या आवृत्त्यांत ‘पीजी_रीड_ऑल_डेटा’ हा तयार रोल द्या. एकेका डेटाबेसचा पीजी_डंप घेतलात तर युजर आणि रोल त्यात येत नाहीत. ‘पीजी_डंपऑल’ला ‘ग्लोबल्स-ओन्ली’ देऊन ते वेगळे घ्या. रिस्टोअरच्या रात्री याची आठवण होणं महागात पडतं.

इन्फर्मेशन_स्कीमा दोन्हीकडे आहे, मग त्यातलं ‘स्कीमाटा’ वापरून एकच क्वेरी लिहू, हा विचार मनात येईल. येऊ द्या, पण लिहू नका. मायएसक्यूएलमध्ये स्कीमा आणि डेटाबेस एकच, त्यामुळे तिथे डेटाबेसची यादी मिळते. पोस्टग्रेसमध्ये स्कीमा हा डेटाबेसच्या आतला कप्पा, तिथे ‘पब्लिक’ वगैरे नावं मिळतात, आणि तीही फक्त चालू डेटाबेसमधली. एसक्यूएलअल्केमी या पायथन लायब्ररीचं ‘गेट_स्कीमा_नेम्स’ याच कारणाने दोन सर्व्हरांवर दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी परत करतं. एरर येत नाही, नुसती चुकीची यादी येते, आणि ते जास्त वाईट. सरळ दोन छोटी फंक्शनं लिहा, एक मायएसक्यूएलचं, एक पोस्टग्रेसचं. सगळ्यांना सामावणारा एकच वर्ग लिहायची हौस इथे भागवू नका.

पुढेमागे एसक्यूएल सर्व्हर वाट्याला आला तर ‘सिस.डेटाबेसेस’ हा व्ह्यू आहे. त्यात पहिले चार आयडी मास्टर, टेम्पडीबी, मॉडेल आणि एमएसडीबी यांचे. ऑफलाइन असलेले आणि रिस्टोअर चालू असलेले डेटाबेसही यादीत येतात, म्हणून ‘स्टेट_डेस्क’ ऑनलाइन आहे का ते बघा. आपल्याला शिरता येईल का हे ‘हॅज_डीबीअ‍ॅक्सेस’ सांगतं. मोंगोडीबीला पायमोंगोमधून ‘लिस्ट_डेटाबेस_नेम्स’ विचारा. तिथे डेटाबेसमध्ये काही साठवल्याशिवाय तो यादीतच येत नाही, त्यामुळे ‘आत्ताच बनवला तरी दिसत नाही’ ही तक्रार खोटी. एसक्यूलाइटमध्ये सर्व्हरच नसतो. यादी हवी तर फाइली शोधा.

तुम्हाला यादी खरंच लागते का, हेही बघा. मायएसक्यूएलडंपला ‘ऑल-डेटाबेसेस’ आहे, पोस्टग्रेसला पीजी_डंपऑल. पण त्यात सगळं एकाच फाइलमध्ये येतं आणि एकच डेटाबेस परत आणायचा झाला तर ती फाइल उसवत बसावं लागतं, म्हणून तुमची वेगळ्या फाइलींची पद्धत मला पटते. फक्त तिच्यात एक तपासणी घाला. गाळणीनंतर यादी रिकामी असेल तर स्क्रिप्टने एरर देऊन थांबलं पाहिजे. शून्य डेटाबेसचा यशस्वी बॅकअप अशी गोष्ट नसते. दर रात्रीची यादी फाइलमध्ये लिहून ठेवा, आदल्या रात्रीच्या यादीशी ताडून बघा, आणि एखादं नाव गायब झालं तर मेल पाठवा. कुणी डेटाबेस खरोखर काढून टाकला असेल किंवा कुणी ग्रँट काढून घेतली असेल. दोन्ही गोष्टी सकाळी कळलेल्या बऱ्या.

ड्रॉपडाउनबद्दल. बॅकअपचं खातं वेब पानाला देऊ नका, कारण त्याला सगळंच वाचता येतं. पानासाठी वेगळं खातं बनवा आणि जे डेटाबेस दाखवायचे तेवढ्यांवरच त्याला हक्क द्या. मग मायएसक्यूएल बाकीची नावं स्वतःच लपवेल आणि गाळणीत फक्त इन्फर्मेशन_स्कीमा आणि परफॉर्मन्स_स्कीमा काढायचे उरतील. पोस्टग्रेसमध्ये हे लपवणं होत नाही, तिथे दाखवायची नावं कॉन्फिग फाइलमध्ये हाताने लिहा. ग्राहकांच्या नावावरून डेटाबेसची नावं ठेवली असतील तर हा फरक फारच महत्त्वाचा, कारण नुसत्या यादीवरून तुमचे ग्राहक कोण ते उघड होतं. आणि फॉर्ममधून परत आलेलं नाव जसंच्या तसं क्वेरीत घालू नका. ते सर्व्हरच्या बाजूला त्याच यादीत पुन्हा शोधा, सापडलं तरच पुढे जा.